उतरणीच्या सायकली

८ जानेवारी २००९, गुरुवार

सायकली मिळाल्या. बारा, आणि सगळ्या प्लास्टिकसुद्धा न काढलेल्या. आज मी आनंदात असायला हवं होतं, पण वैतागून लिहायला बसले आहे.

रामनाथकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. भिवंडीजवळ शेलार गावात आमच्या घरामागची सगळी गोदामं त्यांची. त्यांतल्या एका गोदामात या सायकली परदेशी जायच्या म्हणून येऊन पडल्या होत्या. मंदी आली, तिकडच्या पार्टीनं ऑर्डर रद्द केली. तेव्हापासून मी काकांच्या मागे लागले होते, की माल गंजण्यापेक्षा आमच्या संस्थेला द्या, पळसपाड्याच्या मुली शाळेत जातील. अकलोलीच्या पुढे डोंगरात हा पाडा आहे. सातवीपर्यंतची शाळा वर, हायस्कूल खाली, आणि मध्ये दीड तासाची पायपीट. म्हणून मुली सातवीनंतर घरी बसतात. काका शेवटी कंटाळून हो म्हणाले.

आज माझा धाकटा भाऊ दीपेश आणि मी बघायला गेलो. दीपेशनं एका सायकलचं मागचं चाक उचललं, पायडल फिरवलं आणि सोडलं. पायडल थांबेना. चाक फिरतंय तोवर तेही फिरतंय.

"ताय, ही काय भानगड हाय?" तो म्हणाला. मग हँडल चाचपून, "आन ब्रेक कुठं हाय हिला?"

ब्रेक नाहीच. पुढेही नाही, मागेही नाही. चेन चाकाला पक्की बांधलेली. चाक फिरतं तोवर पाय फिरवायचेच, आणि थांबायचं तर पायांनी पायडल उलटं रेटून धरायचं.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "झालं का काम?" मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बीए कनाला केलास? सायकली वाटाला? त्यापन बिनब्रेकच्या?"

आमच्या घरात बीए झालेली मीच पहिली, त्यामुळे काही बिनसलं की सगळे बीएवरच येतात.

एक गोष्ट इथे लिहिते. मला सायकल येत नाही. मुलाखतीत कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आधी आमच्याकडे सायकल घ्यायची ऐपत नव्हती. मग जमीन विकली आणि एकदम दारात मोठी गाडी आली. मधली सायकल राहूनच गेली.

१२ जानेवारी, सोमवार

भिवंडीतली सायकलची दुकानं पालथी घातली.

पहिला म्हणाला, फ्रीव्हील टाकून देतो, पायडल थांबेल. मी खूश. दीपेश म्हणाला, "पायडल थांबंल. सायकल कशी थांबंल?" खरंच की. आत्ता निदान पायांनी अडवता तरी येते.

दुसऱ्यानं सांगितलं, हँडब्रेक बसवायला पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला वरच्या बाजूला भोक लागतं. या चिमट्यांना ते नाहीच. कंपनीनं ठेवलं नाही, कारण मागवणाऱ्यांना ब्रेक नकोच होता. जगात कुणीतरी मुद्दाम ब्रेक नसलेली सायकल मागवतं, हे मला अजून पटत नाही. त्यानं मला मुनीरभाईंकडे पाठवलं. त्यांचं लूमचे पार्ट बनवायचं वर्कशॉप आहे. मुनीरभाईंनी चिमटा हातात धरून बघितला.

"भोक तो मैं अभी मार दूँ, बहनजी. लेकिन मालिक से पूछ के आओ. मारा हुआ भोक वापस नहीं भरता."

मालकाला विचारलं. रामनाथकाका म्हणाले, "भोक नको. उद्या पार्टीनं माल मागितला त? भोक पाडलेला माल कोन घेल?"

"पण काका, तुम्ही आम्हाला दिल्या आहेत ना?"

"दिल्या ना. पन भोक नको."

काका व्यवहारी माणूस आहेत, त्यांना सगळ्या बाजूंनी विचार करावा लागतो. मी ठाण्याला म्हसकर मॅडमना फोन केला. त्या आमच्या संस्थेच्या प्रमुख. त्या म्हणाल्या, "देणगीदार नाही म्हणतात ना, मग विषय संपला. परदेशात चालवतात ना लोक? इंटरनेटवर बघ जरा."

बघितलं. सायबर कॅफेत बसून पानंच्या पानं वाचली. तिकडे यावरून भांडणं चालू आहेत. ब्रेक लावणारे भित्रे, असं एक म्हणतो, न लावणारे मूर्ख, असं दुसरा. सायकल आणि माणूस एक होतात, पायांतून रस्ता कळतो, असंही कुणी लिहिलं आहे. वाचायला छान वाटलं. पण त्यांच्यापैकी कुणाच्याच वाटेत पळसपाड्याची उतरण नाही.

२६ जानेवारी, सोमवार

वाटप झालं. काकांना हार, मॅडमचं भाषण, हँडलवर नारळ फोडताना पाणी माझ्या साडीवर. मॅडम माइकवरून म्हणाल्या, "आता आमची मृणाली एक सायकल चालवून दाखवेल." मी साडीकडे बोट दाखवलं. दीपेश मागे उभा राहून इतका हसत होता की त्याला तिथेच चोपावंसं वाटलं.

पण एक गोष्ट मनासारखी झाली. धोंडूबाई म्हणून आहे, तिची मनिषा आठवीत. संक्रांत झाली की हे कुटुंब कोन गावाच्या बाजूला वीटभट्टीवर जातं, मनिषा धाकट्या भावंडाला सांभाळायला बरोबर. परीक्षा बुडते, वर्ष वाया. गेल्या वर्षीची पुस्तकं तिनं यंदा पुन्हा उघडली आहेत. तिच्या आईनं या वर्षी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "सायकल आनलीस त पोरीला आज्याकडं ठेवते. न्हाय त चालली माझ्यासंगं."

आज धोंडूबाईनं सायकल चहूबाजूंनी बघितली. सीट दाबली, टायर दाबला. "थांबते कशी?" तिनं विचारलं.

"पायांनी," मी म्हटलं. मनिषानं चालवत नेऊन थांबवून दाखवली. तिनं हे कधी शिकून घेतलं कोण जाणे!

संध्याकाळी धोंडूबाई भट्टीवर गेली तेव्हा मनिषा मागे राहिली होती. एवढ्यासाठी नारळाचं पाणी अंगावर घ्यायची माझी तयारी आहे.

४ फेब्रुवारी, बुधवार

आठवडाभरात सगळ्या मुली शिकल्या. सपाटीवर तर मजेत चालवतात. मनिषाची मैत्रीण मंगळी आहे, तिचा आजा काळूराम. तो म्हणाला, "बैलगाडीला कुठं ब्रेक असतो? उतरनीला बैलच मागं रेटतो. तसंच हाय ते. पाय म्हंजे बैल." मला हे फार आवडलं. मासिक अहवालात अख्खं पान लिहिलं, पारंपरिक ज्ञान आणि नवे तंत्र असं शीर्षक देऊन.

दीपेशला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "ताय, भरलेली गारी उतरनीला बैलाच्या अंगावर जाते, बघितलीस कधी?" त्याला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय आहे.

मीही शाळेच्या पटांगणात बसून बघितलं. पाय थांबवायला गेले, सायकलनं मला उचलून फेकलं. ही सायकल कुणाला क्षणभर विसावू देत नाही. बारा मुली पोट धरून हसल्या. मंगळीनं माझी ओढणी झटकून दिली आणि म्हणाली, "मॅडम, तुमी मागं लागता तशी ही पायांच्या मागं लागते."

११ फेब्रुवारी, बुधवार

बारा मुलींना बारा सायकली दिल्या आणि शाळेत रोज येतात सहा. प्रत्येकीवर दोघी, एक सीटवर, एक पुढे दांड्यावर. बाकीच्या सहा घराघरांत आढ्याला टांगून ठेवल्या आहेत, झेंडूच्या वाळक्या हारासकट. मी घरं फिरून बघितल्या.

"अगं, तुझी तुला दिली आहे ना? मग मनिषाच्या दांड्यावर का बसतेस?" मी मंगळीला विचारलं.

"एकलीला कोन धाडंल, मॅडम?"

"एकटी कुठे? बारा जणी बरोबर असाल. बारा सायकलींवर."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि हसल्या. हे बघून हसणं आता मला सहन होत नाही. काही विचारलं की आधी एकमेकींकडे बघतात. मी स्वावलंबनावर बोलले, स्वतःच्या पायावर उभं राहणं म्हणजे काय ते समजावलं. सगळ्यांनी माना हलवल्या. संध्याकाळी पुन्हा सहाच सायकली घेऊन बारा जणी घरी गेल्या.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मंगळीला ताप. ठीक. पण मनिषा का आली नाही? तिला ताप नाही. मी पाड्यावर गेले तर ही अंगणात बसून तांदूळ निवडत होती.

"मंगळी न्हाय ना आज," ती म्हणाली, जणू यात सगळं आलं.

"मंगळी नाही म्हणून तू शाळा बुडवणार? उद्या मंगळीचं लग्न झालं तर?"

"मंग दुसरी कोन बसंल तिला घेऊन येईन."

मैत्री चांगली गोष्ट आहे. पण शिक्षण मैत्रीच्या दांड्यावर बसवून चालत नाही. (हे वाक्य अहवालात वापरता येईल.)

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज नवीनच. मुलींना चपला हव्या आहेत. संस्थेकडून.

संक्रांतीच्या बाजारात घेतलेल्या चपला, एवढ्यात झिजल्या कशा? म्हटलं दाखवा. सहा जणींनी पाय पुढे केले. सगळ्यांच्या उजव्या पायातल्याच चपला फाटलेल्या, टाचेपर्यंत घासून गेलेल्या. डाव्या नव्यासारख्या. एका पायावर लंगडी घालत शाळेत येतात की काय? मंगळीनं तर उजव्या पायात आजाचा जुना बूट घातला होता, तळाला टायरचा तुकडा ठोकलेला. डाव्या पायात गुलाबी चप्पल.

"हे काय ध्यान आहे?"

"बूट टिकतो, मॅडम."

मला खरंच राग आला. आधी सायकली, मग पंक्चरचे पैसे, आता चपला. दिलं की मागतच राहायचं, अशी सवय मला लावायची नाही. मी तसं स्पष्ट सांगितलं. मंगळी मान खाली घालून ऐकत होती, मनिषा मात्र सरळ माझ्याकडे बघत होती. तिच्या बघण्यात राग नव्हता. मी फळ्यावर गणित चुकवावं आणि तिनं बाई कधी ओळखतील याची वाट बघावी, तसं काहीतरी.

२१ फेब्रुवारी, शनिवार

मॅडमचा फोन. पुढच्या गुरुवारी त्या येणार, बरोबर संस्थेला मदत करणारे दोघे पाहुणे. "बारा सायकलींवर बारा मुली उतरणीवरून येताना फोटो हवा. मी अहवालात बारा लिहिलंय, मृणाली. सहा दिसल्या तर मी काय उत्तर देऊ?"

मी उतरण नको म्हणाले, पटांगणात घेऊ. त्या म्हणाल्या, डोंगर दिसायला हवा.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज कडक झाले. व्हायलाच हवं होतं. सगळ्या टांगलेल्या सायकली खाली काढायला लावल्या, हवा भरली. नियम सांगितला, की उद्यापासून एक मुलगी, एक सायकल. दांड्यावर कुणी दिसली तर ती सायकल परत घेतली जाईल आणि दुसऱ्या पाड्याला दिली जाईल.

मंगळी म्हणाली, "मॅडम, उतरनीला दोघी लागतात."

"का लागतात?"

ती सांगायला लागली होती. मीच म्हटलं, "ते एकलीला कोण धाडंल पुन्हा ऐकायचं नाही मला."



काल उतरणीच्या तोंडाशी उभी राहून मी खाली बघितलं होतं. मनात आलं होतं, की मुनीरभाईंकडून एका तरी सायकलला गुपचूप भोक पाडून आणावं. पण काकांनी नको म्हटलं आहे, मॅडमनी नको म्हटलं आहे, आणि मुली तर महिनाभर चालवताहेत, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मी उगीच घाबरते.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

मनिषा पडली. उतरणीच्या दुसऱ्या वळणावर. पायडल पायांतून सुटलं आणि मग पुन्हा पकडताच आलं नाही, इतक्या वेगानं फिरत होतं. पुढे चाललेल्या तीन मुलींनी तिला येताना बघून सायकली बांधावर घातल्या. ती सरळ ओढ्याच्या दगडांत गेली.

उजवा हात दोन ठिकाणी मोडला आहे. हनुवटीला टाके. डोक्याला लागलं नाही.

पाहुण्यांच्या गाडीतूनच दवाखान्यात नेलं. गाडीत ती मला म्हणाली, "सायकल घेऊन जाऊ नका, मॅडम. मी एकलीच बसले हुते."

आज आणखी लिहवत नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

मंगळी दवाखान्यात आली ती माझ्याशी बोलेना. मी तिला बाहेर बाकावर बसवलं, चहा दिला. चहा तसाच ठेवला तिनं.

मग एकदम म्हणाली, "मी तिची ब्रेक हाय."

मला कळलं नाही.

तिनं पाय उचलून दाखवला. दांड्यावर बसणारी डाव्या बाजूला पाय सोडते. उजवा पाय पुढे चाकाजवळ येतो. या सायकलींना मडगार्ड नाही. उतरण लागली की दांड्यावरची मुलगी चपलेचा तळ टायरवर दाबते, सीटवरची पायडल उलटं रेटते. दोघींनी मिळून धरली की सायकल बैलासारखी हळूहळू उतरते. पहिल्या आठवड्यात त्यांनी हे आपलं आपण बसवलं. सहा जणी चालवणाऱ्या, सहा जणी ब्रेक. ब्रेकला ताप आला की चालवणारीनं घरी राहायचं.

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं त तुमी सायकली माघारी नेल्या असत्या. ब्रेक न्हाय म्हनून."

नेल्या असत्या का? पहिल्या दिवशी कदाचित नाही. चपला बघितल्या त्या दिवशी कळलं असतं तर लगेच नेल्या असत्या.

सहा फाटक्या चपला माझ्यासमोर धरल्या होत्या. मी त्यांना मागायची सवय लागेल म्हणून भाषण दिलं.

१ मार्च, रविवार

कोनला गेले, भट्टीवर, धोंडूबाईला सांगायला. काळूरामनं निरोप पाठवला होता, पण मला स्वतः जायचं होतं. दीपेशनं नेलं. वाटेत त्यानं एकदाही खोट काढली नाही, म्हणजे त्यालाही वाईट वाटलं असावं.

धोंडूबाई विटा थापत होती. हात न थांबवता तिनं सगळं ऐकलं. नवरा दूर भट्टी रचत होता, त्याला हाक मारली नाही. धाकटं पोर चिखलात बसलं होतं.

"वाचली ना?"

"हो."

"शिमग्याला येतो आमी. मंग घेऊन येते तिला हितं."

"पण हात मोडलाय तिचा! विटा कशा उचलेल ती?"

"एक हात हाय ना. एका हातानं पोर सांबाळता येतं." मग पहिल्यांदाच तिनं माझ्याकडे बघितलं. "बाय, तू वाईट न्हाय. पन तुझं काय जातं?"

मी म्हटलं, मी ब्रेक बसवून देते, सगळ्या सायकलींना. ती म्हणाली, "आता?"

परत येताना दीपेशला म्हटलं, तुझ्या मित्राचा टेम्पो हवा. तो म्हणाला, "कधी?"

५ मार्च, गुरुवार

बारा सायकलींना बारा भोकं पाडली.

मॅडमनी सोमवारीच सांगितलं होतं, की सायकली गोळा कर आणि गोदामात परत पाठव, हा उपक्रम बंद. गोळा करेपर्यंत मी त्यांचं ऐकलं. पुढे टेम्पो गोदामाकडे न नेता मुनीरभाईंच्या वर्कशॉपला नेला.

"मालिक से पूछ लिया?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"फिर?"

"मारो," मी म्हटलं. माझं हिंदी एवढंच.

दिवसभर चाललं. पत्र्याचं छप्पर, शेजारी लूमचा खडखडाट, चहावर चहा. एक चिमटा चिरला, तो त्यांनी वेल्ड केला आणि म्हणाले ही सायकल मुलींना नको, हिला बाजूला ठेवा. म्हणजे अकरा. सायकलच्या दुकानातून ब्रेक आणि वायरी दीपेशनं आणल्या.

संध्याकाळी रामनाथकाका घरी येऊन बसले. बाबांसमोर म्हणाले, "माझ्या मालाला भोकं पाडलीस?"

"तुम्ही दिल्या होत्या, काका."

"दिल्या हुत्या, भोकं पाडाला न्हाय."

आई आतून चहा घेऊन आली. मला वाटलं आता बीए येणार. ती काकांना म्हणाली, "भावजी, पार्टीनं माल मागितला काय?"

"न्हाय अजून."

"मंग मागंल तवा बोलू. चा घ्या."

काका चहा न घेता गेले. मॅडमचे सहा मिस्ड कॉल आहेत. नोकरी राहील असं वाटत नाही. आईला विचारलं, तू माझ्या बाजूनं कशी काय? ती म्हणाली, "कोन तुझ्या बाजूनं? त्यानं गोदामाच्या वाटंला आपला बांध खाल्ला हाय."

९ मार्च, सोमवार

सायकली पाड्यावर पोचवल्या. शिमग्यासाठी धोंडूबाई आली आहे. मनिषाचा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. मी धोंडूबाईला ब्रेक दाखवला. तिनं हँडलवरची दांडी दाबली, सोडली, पुन्हा दाबली. रबर चाकाला चिकटताना वाकून बघितलं.

"उतरनीला धरतो?"

"धरतो."

"तू उतरून दाव."

मी सांगितलं, मला सायकल येत नाही.

अंगणात सगळे होते. काळूराम, मंगळी, तिच्या चुलत्या, पोरं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"तुला येत न्हाय," धोंडूबाई सावकाश म्हणाली, "आन माझ्या पोरीला दिलीस."

बीएच्या तिन्ही वर्षांत शिकलेलं काही उपयोगी पडलं नाही.

ती म्हणाली, "गुरवारी सकाळी जातो आमी भट्टीवर. पोर नेनार."

मी मंगळीला बाजूला घेऊन म्हटलं, मला शिकव. गुरुवारच्या आत.

"तुमाला?" ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं. मुलींना स्वावलंबन समजावताना माझ्याही चेहऱ्यावर तेच येत असणार.

११ मार्च, बुधवार

दोन्ही गुडघे, एक कोपर, हनुवटी. आज धुळवड, त्यामुळे रंग कुठला आणि रक्त कुठलं कळत नाही. मंगळी भयंकर शिक्षिका आहे. "पाय थांबवू नका" एवढं एकच वाक्य ती शंभरदा ओरडते. मी एकदा चिडून म्हटलं, समजावून सांग ना नीट. ती म्हणाली, "समजतं सगळ्यांना, मॅडम. थांबवू नका पाय."

दुपारनंतर सपाटीवर जमलं. तिला सांगितलं नाही, पण मला फार आनंद झाला. ती म्हणाली, "आता जरा बरं. मनिषाच्या धाकट्या भावाइतकं."

रात्री मंगळीच्या घरीच राहिले. आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "हात मोडून घेऊ नको, लग्नाची हायेस."

१२ मार्च, गुरुवार

उतरणीच्या तोंडाशी धोंडूबाई, तिचा नवरा, काळूराम. गाठोडं बांधून तयार, मनिषा त्यावर बसलेली. मंगळी न विचारता माझ्या दांड्यावर चढली.

"तू उतर. ब्रेकची परीक्षा आहे."

"तुमच्या ब्रेकवर भरोसा हाय मॅडम, तुमच्यावर न्हाय."

निघालो. पहिल्या वळणापर्यंत मला काहीच आठवत नाही, फक्त पायडल माझे पाय ओढत होतं आणि मंगळी ओरडत होती. दुसऱ्या वळणावर दगडांचा ओढा दिसला आणि मी ब्रेक दाबला. फार जोरात दाबला. मागचं चाक उचललं, मंगळीनं शिवी दिली, मी हात सैल केला, पुन्हा हळू दाबला. वायर कुरकुरली. सायकल धरली गेली. तिथून खालपर्यंत आम्ही ब्रेकवर उतरलो, माणूस म्हशीला घेऊन उतरतो तसं. खाली थांबलो तेव्हा मंगळीचे दोन्ही पाय हवेत होते. तिनंच मला दाखवलं.

सायकल हातानं ढकलत पुन्हा वर चढून आलो. धोंडूबाईनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, गुडघ्यांवर जरा जास्तच वेळ.

"हात कधी सुटंल म्हनला डाक्तर?"

"अजून महिना."

"तवा परीक्षा हाय तिची."

"हो. पण तोवर शाळा बुडायला नको. ती चालवू शकणार नाही, पण दांड्यावर—"

"मंगळीच्या न्हाय," धोंडूबाई म्हणाली. "ती बारीक हाय, दोघींचा भार न्हाय झेपत तिला. तू ने."

मी शेलारला राहते. पहिली एसटी पकडली तरी वर पोचेपर्यंत शाळेची घंटा होते. नोकरी आहे की नाही हे मॅडमनी अजून सांगितलेलं नाही. काल दुपारपर्यंत मला सायकल येत नव्हती. हे सगळं मी तिला सांगायला तोंड उघडलं.

तोवर तिनं मनिषाला गाठोड्यावरून उठवून बाजूच्या दगडावर बसवलं होतं आणि गाठ सोडली होती. आतून मनिषाचा शाळेचा स्कर्ट काढला, झटकला आणि मनिषाच्या मांडीवर टाकला. गाठोडं पुन्हा बांधून डोक्यावर घेतलं, धाकटं पोर कमरेवर, आणि उतरणीला लागली.

चार पावलं गेल्यावर मागे वळून मला म्हणाली, "रोज उशीर करू नको. पोरीला मार बसतो शाळंत."